दोन ठोकळे

"मी दोन ब्लॉक घेतलेत," असे आमच्या चिरंजिवांनी २०२३ सालच्या एप्रिलमध्ये एका रात्री जेवता जेवता सांगितले, तेव्हा पानावरचे आम्हा तिघांचेही हात थांबले. माझ्या आईच्या तरुणपणी ब्लॉक या शब्दाला मोठे वजन होते. चाळीत नळावर नंबर लावणाऱ्या माणसाचे नशीब उघडले म्हणजे तो ब्लॉकमध्ये राहायला जात असे. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी मुलाकडे पाहिले. बावीस वर्षांच्या पोराने, तेही अभियांत्रिकी अर्धवट सोडून घरी बसलेल्या पोराने, पुण्यात दोन ब्लॉक घ्यावेत ही गोष्ट मानण्यासारखी नव्हती. पण आजीला नातवाबद्दल काहीही मानता येते.

"दोन?" आई म्हणाली. "एक भाड्यानं देशील. पण पाणी आहे ना रे तिथं?"

"पाण्याचेच आहेत, आजी. वॉटर ब्लॉक."

"मग तळमजल्याचे असणार," असे म्हणून तिने भात कालवायला घेतला.

ब्लॉक म्हणजे इथे ठोकळा. संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाला पाण्याने थंड ठेवणारा तांब्याचा ठोकळा. हे समजायला मला एक रविवार लागला, आणि जे समजले त्यातले निम्मे माझ्या हातून चूक झाल्यामुळे समजले. तीच हकीकत सांगायची आहे.

आमचा मुलगा चलच्चित्रांची कामे घेतो. कोणाच्या जाहिरातीतले तेलाचे थेंब, कोणाच्या लघुपटातला पाऊस, असे सगळे तो संगणकावर घडवतो. अशा चित्रात उजेड कुठून येऊन कुठे पडतो त्याचा हिशेब संगणकाला ठिपक्याठिपक्याला करावा लागतो. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला ७२०. एका चित्राला ४ मिनिटे धरली तरी ४८ तास झाले. हे ४८ तास त्याच्या खोलीतली दोन कार्डे राबत असतात. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०८०, बाजारात आली २०२०च्या सप्टेंबरमध्ये. नवी घेण्याची त्याची ऐपत नव्हती आणि मी पैसे दिले नसते. पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने नाणी पाडण्याची जुनी रीत सोडून दिली, आणि त्या कामाला जगभर रात्रंदिवस जुंपलेली अशी कार्डे एकाएकी बेकार झाली. टांगे बंद पडल्यावर घोडे विकावेत तशी ती विकली गेली. त्यांतले दोन थकलेले घोडे आमच्या घरी आले.

घोडे थकले होते तरी खिंकाळत फार. एकेक कार्ड भरात आले म्हणजे ३२० वॅट वीज खाते आणि तिची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर फेकायला कार्डावर पंखे असतात. दोन कार्डे एकावर एक बसवलेली. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचे कार्ड ओढून घेणार, मग त्याचे पंखे आणखी जोरात फिरणार. मधली भिंत चार इंची. पलीकडे आईची खाट. "रात्रभर घरात विमान उभं असतं, उडत मात्र नाही," असे ती म्हणे. तिची झोप आधीच कावळ्याची. एप्रिल सरता सरता ती दिवसा बसल्या जागी पेंगू लागली, आणि मी एका रात्री उठून मुलाच्या खोलीचे दार ठोठावले. जे बोललो ते इथे लिहीत नाही. कॉलेज सोडल्यापासून आमच्यात बोलणे उरले होते ते सिलिंडर आला का, लाइटचे बिल भरले का, एवढेच. त्या रात्री मात्र मी पुष्कळ बोललो. त्याने ऐकून घेतले, यंत्र बंद केले आणि, असे मला मागाहून कळले, त्याच रात्री आपल्या शिलकीतून ते दोन ठोकळे मागवले.

खोकी मे महिन्यात आली. एक जड, काळ्या पुठ्ठ्याचे, आत स्पंजात बसवलेला ठोकळा आणि बत्तीस पानांची माहिती-पुस्तिका. किंमत सोळा हजार. दुसरे खोके साधे, सात हजारांचे. आतला कागद दोन्ही बाजूंनी वाचला तरी अर्थ एकाच बाजूचा लागे. दोघांची नावे सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात बिचाऱ्यांचा दोष नव्हता.

एकच सोडून दोन जातींचे का मागवले, असे मी विचारले. "एकाच जातीचे दोन घ्यायला पैसे पुरत नव्हते," तो म्हणाला. "आणि बघायचंही होतं."

आईने महागडा ठोकळा हातात घेतला, उलटा केला, त्याच्या चकाकत्या पांढऱ्या तळावरून अंगठा फिरवला. "तांबं आहे," ती म्हणाली. "कल्हई केलीय याला."

मी हसणार होतो. पण मुलगा हसला नाही. "बरोबर आहे, आजी. कथिल नाही, निकेल आहे. पण कल्हईच."

कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या जवळ आईचे माहेर. हातोड्यांच्या ठोक्यांवर मठारकाम चाललेले ऐकत ती लहानाची मोठी झाली. तांबे कोणते, पितळ कोणते, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक का ठेवू नये, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. मुलाने तिला सांगितले की या पाण्याच्या वाटेत कुठेही ॲल्युमिनियम येऊन चालत नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजते. तिने मान हलवली. असल्या बेबनावांची तिला सवय आहे.

ठोकळ्याचे अंतरंग मी दुसऱ्यात पाहिले, कारण त्याचे झाकण काचेसारख्या पारदर्शक ॲक्रिलिकचे होते; पहिल्याचे काळे, अपारदर्शक. आत तांब्याचीच कोरलेली बारीक पाती, कंगव्याच्या दातांसारखी एकापाशी एक, अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद फटी ठेवून. पाणी वरून एका चिरेतून नेमके त्या पात्यांच्या मध्यावर पडते, दोन्हीकडे फाकते आणि उष्णता घेऊन निघून जाते. फट जितकी अरुंद तितके तांबे पाण्याला अधिक ठिकाणी भेटते. ही युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीज या दोघांनी १९८१ साली दाखवली. त्यांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसाहूनही बारीक, पन्हळी कोरल्या आणि एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट उष्णता पाण्याने वाहून नेली. आपल्या घरातली इस्त्री हजार वॅटची असते, पण तिचा तळ तळहातापेक्षा मोठा. या कार्डाची मुख्य चिप सव्वासहा चौरस सेंटिमीटरची, मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यात २,८३० कोटी ट्रान्झिस्टर. इस्त्री तापावी म्हणून आपण वाट पाहतो, इथे तापू नये म्हणून सगळा खटाटोप.

मला हे सारे पाहून आमच्या जुन्या बंबाची आठवण झाली. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, बाहेर तांबे. नरकचतुर्दशीला पहाटे चारला तो पेटवायचे काम माझ्याकडे असे. इथे निखाऱ्यांच्या जागी चिप, एवढाच फरक. आणि बंबात पाणी तापले म्हणजे आनंद, इथे चिप निवली म्हणजे.

कामाला रविवार ठरला. मुलाने मदत मागितली नव्हती. मी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्याने काही क्षण विचार केला आणि म्हणाला, "बॅटरी धराल?"

माझ्या वडिलांनी फ्यूज बांधताना, सायकलची चेन चढवताना मला आयुष्यभर बॅटरी धरायला लावले. बॅटरी धरणाऱ्याला दोनच गोष्टी ऐकाव्या लागतात: "इकडे धर" आणि "लक्ष कुठं आहे तुझं?" मी बापाच्या भूमिकेत आल्यावर या दोन्ही गोष्टी माझ्या मुलाला ऐकवल्या होत्या. शिवाय तो आठ वर्षांचा असताना त्याने घरातला रेडिओ खोलला होता आणि परत जोडल्यावर तीन स्क्रू उरले होते. त्या तीन स्क्रूंवरून मी एवढे बोललो की पुढे रेडिओ नीट वाजतो आहे हे मला आठवडाभर कबूल करता आले नाही.

आता मी बॅटरी धरून उभा. त्याने जुना पंख्यांचा डोलारा सोडवायला घेतला. निघालेला प्रत्येक स्क्रू तो कागदावर काढलेल्या कार्डाच्या आकृतीत, जिथला तिथे चिकटपट्टीने लावून ठेवीत होता. स्क्रू उरण्याची सोयच त्याने ठेवली नव्हती. जुने आवरण निघाले तेव्हा आत काय दशा होती! चिपवरची पेस्ट वाळून पापुद्रे झालेली, मेमरीवरचे मऊ पॅड सुकून त्यांतले तेल आजूबाजूला ओघळलेले. "म्हणून एकशे सहा अंश," मुलगा पुटपुटला. मेमरी तितकी तापत असे, आणि तिची मर्यादा ११०. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने त्याने चिप पुसली. ती आरशासारखी लखलखू लागली तेव्हा मला तिच्यात बॅटरीच्या मागे माझे स्वतःचे तोंड दिसले.

इथे पॅडचे काम समजून घेतले पाहिजे. ठोकळा टेकायला हवा तो मुख्य चिपवर, अगदी अंगाला अंग लावून. मध्ये फक्त पेस्टचा पातळ थर, दोन्ही पृष्ठभागांवरच्या न दिसणाऱ्या खाचा भरण्यापुरता. पण मेमरीच्या दहा चिपा आणि वीज सांभाळणारे भाग उंचीने कमी-जास्त असतात. त्यांच्यावर मऊ, रबरासारखे पॅड ठेवतात. कुठे १ मिलिमीटर जाडीचे, कुठे दीड. सोळा हजारांच्या ठोकळ्याबरोबर दोन्ही जाड्यांचे अख्खे तक्ते आले होते आणि ते पुस्तिकेतल्या नकाशाप्रमाणे कापायचे होते. मुलगा दुसऱ्या कार्डाशी झटत होता. मी म्हणालो, "मी कापतो."

पुस्तके कव्हर घालण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. फूटपट्टी लावून मी तुकडे असे कापले की कडेला रेषभर वेडेवाकडेपणा नाही. मेमरीवर एकेक बसवला, वरचा पातळ कागद सोलला. मुलाने पाहिले आणि म्हणाला, "सुरेख." हा शब्द मी त्याच्या कोणत्याही गोष्टीला कधी वापरला होता का, असे त्या वेळी मनात आले आणि मी तुकड्यांचा कचरा गोळा करू लागलो.

ठोकळे बसवणे ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. स्क्रू एका बाजूचे आवळून चालत नाही. खाटेची नवार ओढावी तसे समोरासमोरचे, पाव पाव वळसा. उघड्या सिलिकॉनवर एका कोपऱ्याने भार पडला तर कोपरा उडतो आणि कार्ड गेले. मग पाव इंची आट्यांचे जोड, नळ्या, खिडकीशी उभे केलेले दोन लांब रेडिएटर, पंप. आमचा नेहमीचा प्लंबर वरच्या मजल्यावर काही कामाला आला होता, तो जिन्यातून डोकावून म्हणाला, "टेफलॉन लावा हो, गळंल." मुलाने त्याला जोडातले रबरी कडे दाखवले. इथे पाणी ते कडे अडवते, आटे नव्हेत; आणि हाताने आवळायचे, पान्याने नाही. प्लंबर बराच वेळ पाहत राहिला. "पाणी आणि करंट एका पेटीत," एवढेच बोलून तो गेला.

पाणी गॅरेजमधून आणलेले, बॅटरीत घालतात ते, ऊर्ध्वपातित. त्यात शेवाळ धरू नये म्हणून आणि धातू गंजू नयेत म्हणून औषध. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही हे मी मुलांना वर्गात सांगत आलो. पण धातूंवरून फिरत राहिलेले पाणी शुद्ध राहत नाही, म्हणून गळतीची परीक्षा चुकवता येत नाही. विजेच्या डब्यातून निघणाऱ्या जुडग्यातली हिरवी आणि काळी तार कागदाच्या क्लिपने जोडली की संगणक बंद ठेवून नुसता पंप चालवता येतो. तसा तो रात्रभर चालवायचा आणि कुठे थेंब पडतो का पाहायचे. थेंब दिसावा म्हणून खाली कोरडा कागद पसरतात.

"जुनं वर्तमानपत्र नको, शाईत थेंब कळत नाही," मुलगा म्हणाला. "पांढरा कागद आहे का? भरपूर हवा."

भरपूर पांढरा कागद घरात एकाच गोष्टीचा होता. माझ्या कादंबरीच्या प्रुफांचा गठ्ठा. पुस्तक निघून वर्ष झाले होते, गठ्ठा माळ्यावर पडून होता. मी तो काढून दिला. पंपाखाली प्रकरण सहा, ठोकळ्यांखाली प्रकरण सात, रेडिएटरखाली आठव्यातला काही भाग अशी माझ्या वाङ्मयाची मांडणी झाली. समीक्षकांनी पुस्तक कोरडे असल्याचे म्हटलेच होते. ते या कामी उपयोगी पडले.

रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो. त्याच्या खोलीत उजेड होता. मुलगा जमिनीवर मांडी घालून, बॅटरी हातात, कागदांवर वाकलेला. गळते आहे की काय म्हणून मी दारातच थबकलो.

"कोरडं आहे," तो वर न पाहता म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बाबा, या गोष्टीतल्या बापाला राग फार येतो."

"पुढं कमी होतो," मी म्हणालो.

"इथं अठ्ठ्याऐंशीनंतर एकदम त्र्याण्णव पान आहे."

मधली पाने बहुधा रेडिएटरच्या पायाखाली गेली होती. मी झोपायला गेलो.

सकाळी एक थेंबही नव्हता. क्लिप काढली, सगळ्या तारा जोडल्या, संगणक सुरू झाला. आणि घरात शांतता! पंखे फिरत होते, पण संथ, माजघरातल्या पंख्याइतके. आई दारात येऊन उभी राहिली. मुलाने दोन्ही कार्डांना काम लावले. सात हजारांचा ठोकळा ज्यावर होता ते कार्ड ४० अंशांवरून ५०वर गेले आणि तिथे रेंगाळले. सोळा हजारांचे ७० झाले, ८० झाले, ९० झाले. ९३ ही या चिपची हद्द. तिथे ते आपण होऊन मंदावले आणि मुलाने खटका दाबला. हे सगळे अर्ध्या मिनिटात.

कोणी बोलले नाही. पाणी काढा, नळ्या सोडवा, ठोकळा उचला. पुन्हा दोन तास. उचलल्यावर पेस्ट पाहायची असते. नीट टेकलेला ठोकळा चिपवर पेस्टचा सारख्या जाडीचा, मध्ये जवळजवळ पारदर्शक ठसा ठेवून येतो. इथे एका कडेला पेस्ट पसरली होती आणि उरलेली जशी घातली तशी, थेंबाच्या आकारात, ठोकळ्याला न शिवता बसून राहिली होती. ठोकळा एका बाजूने उचलला गेला होता. कशावर?

मुलाने डावीकडच्या मेमरीवरचा एक पॅड चिमट्याने उचलला. मला तो आडवा दिसला आणि मला कळले. दोन्ही तक्ते करडे, दोन्हींवर तोच निळा कागद. एका ओळीला मी दीडचा कापला होता. कडा सरळ, मापे अचूक, जाडी चुकीची. अर्धा मिलिमीटर! टेबलाच्या खणात व्हर्नियर कॅलिपर होता. दरवर्षी जूनमध्ये तो कसा वाचायचा हे मी चाळीस मुलांच्या वर्गाला शिकवतो, आणि व्हर्नियर न वापरता डोळ्याने माप सांगणाऱ्या मुलाला उभे करतो.

मुलाने तो पॅड हातात फिरवला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याच्या जागी मी असतो, तर काय बोललो असतो ते मला पाठ होते; रेडिओच्या वेळचे शब्द मला आठवत होते.

"तक्त्यांवर पेनानं लिहून ठेवायला हवं होतं मी," तो म्हणाला. "दोन्ही सारखेच दिसतात."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हं. बॅटरी जरा डावीकडे धरा."

संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळे जुळले. कादंबरी पुन्हा अंथरली, रात्र पुन्हा कोरडी गेली. मंगळवारी दोन्ही कार्डे पूर्ण भरात चालली तेव्हा पाणी ४१ अंश, सोळा हजारांच्या ठोकळ्याखालची चिप ५५, सात हजारांच्या खालची ५८. मेमरी एकीकडे ७२, दुसरीकडे ७६. एकशे सहावरून!

"म्हणजे तीन अंशांना नऊ हजार," मी हिशेब केला. शिवाय तो ठोकळा पाण्याच्या वाटेवर दुसरा, पहिल्याने तापवलेले पाणी त्याला मिळते. म्हणून त्याचे श्रेय थोडे जास्तच. किती जास्त ते मी कागदावर काढले. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. ३२० वॅट म्हणजे मिनिटाला १९,२०० ज्यूल. पंप मिनिटाला ३ लिटर पाणी फिरवतो, तेव्हा एका कार्डातून जाताना पाणी दीड अंशाने तापते. समुद्रकाठी हवा सम का राहते हे शिकवताना ज्या गुणधर्माचे नाव मी फळ्यावर लिहितो, तो इथे घरातच राबत होता.

आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. रात्री तिला झोप लागू लागली होती, पण ती त्या खोलीत जाऊन आली आणि म्हणाली, "खोली तर तेवढीच तापते रे. मग थंड काय झालं?" तिचे बरोबर होते. पाणी उष्णता खात नाही, फक्त वाहून नेते. चिपवरून उचलून खिडकीपाशी टाकते. थंड देशात तिचा उपयोगही करतात. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात २०१० साली आयबीएमने 'ॲक्वासार' नावाचा संगणक बसवला, त्याच्या पाण्याची ऊब तिथल्या इमारतींना दिली. पुण्यात मे महिन्यात ही ऊब कोणाला द्यावी? मुलाने रेडिएटर खिडकीबाहेर तोंड करून ठेवले आणि खोली चार पायऱ्या तरी निवली. आईला 'ॲक्वासार'ची गोष्ट फार आवडली. "थंडीत त्यावर अंघोळीचं पाणी तापव," असे तिने सुचवले. औषध घातलेले पाणी अंगावर घेता येणार नाही, हे तिला समजावणे सोपे गेले नाही.

ते तीन अंश माझ्या डोक्यातून जाईनात. मास्तराच्या मनाला दोन उत्तरपत्रिकांतला फरक कळला की समाधान होते, पण प्रयोग अपुरा होता. ठोकळे दोन तशी कार्डेही दोन. फरक ठोकळ्यांचा कशावरून? "अदलाबदल करून बघायला हवं," मी म्हणालो. मुलाने माझ्याकडे असे पाहिले, की मीही कधी कधी बरोबर बोलतो हे त्याला नव्यानेच कळले असावे. दोन्ही कार्डांचा पाट एकाच घडणीचा, त्यामुळे करता येण्यासारखे होते. पण हातात काम होते, दसऱ्यापर्यंत राहिले.

दसऱ्याच्या आधी घराची झाडलोट निघाली तेव्हा त्याने पाणी काढले. ठोकळे उघडले. पारदर्शक ठोकळ्याच्या पात्यांत पांढरट साका अडकला होता. काळ्यात त्याहून पुष्कळ कमी. मी लगेच निकाल देऊन टाकणार होतो. मुलगा म्हणाला, "मऊ नळ्यांतून सुटतं हे. पाणी आधी ज्याच्यात जातं त्याच्यात अडकतं. तो पहिला आहे म्हणून." गाळणे होऊन बसला होता बिचारा. दातांच्या ब्रशाने दोन्ही धुतले. निकेलची कल्हई दोन्हींची शाबूत होती. आईने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

या वेळी पॅड कापायला त्याने माझ्याकडेच दिले. शेजारी व्हर्नियर ठेवला होता. काही बोलला नाही. मी प्रत्येक तुकडा मोजला आणि मोठ्याने सांगितला; तो "हं" म्हणत गेला.

ठोकळ्यांची अदलाबदल झाली, पाण्याची वाटही बदलली. निकाल असा, की ते तीन अंश सोळा हजारांच्या ठोकळ्याबरोबर गेलेच नाहीत. ते जिथले तिथे, कार्डापाशी राहिले. अर्धा अंश इकडे-तिकडे. चिपचा पृष्ठभाग आरशासारखा दिसला तरी अगदी सपाट नसतो, प्रत्येकीचा बाक निराळा, आणि प्रत्येक वेळी बसवताना हातही थोडा निराळा पडतो. मेमरीच्या बाबतीत मात्र महागडा चार अंशांनी सरस होता तो सरसच राहिला. म्हणजे सोळा हजार अगदी पाण्यात गेले असे नाही. त्यांत ती बत्तीस पानांची पुस्तिकाही आली, जी मी नीट वाचली असती तर बरे झाले असते.

हे आकडे अर्थात नंतरचे. त्याआधी गळतीची रात्र होतीच. संध्याकाळी मुलगा कादंबरीचा गठ्ठा घेऊन जमिनीवर बसला आणि कागद अंथरू लागला. या वेळी तो ते आकड्यांच्या क्रमाने लावीत होता. पंपापासून सुरुवात करून भिंतीपर्यंत. अठ्ठ्याऐंशीपाशी थांबला.

"एकोणनव्वद ते ब्याण्णव अजून नाहीयेत."

"गेल्या वेळी रेडिएटरखाली होती. ओली झाली असतील, टाकली असतील आईनं."

"एक थेंब पडला नव्हता, बाबा. ओली कशी होतील?"

हे खरे होते. छापलेले पुस्तक कपाटात आहे, असे मी म्हणालो. तो म्हणाला, पुस्तक अंथरता येणार नाही.

मी स्टूल घेतले आणि माळ्यावर चढलो. खाली तो बॅटरी धरून उभा राहिला.